सोकिचींचं दुपारचं ताट

१

डोंगरातल्या शिरासावाच्या गरम झऱ्याच्या पाण्याने जगाचे गुडघे बरे होत, फक्त तिथल्या सरायीच्या मालकाचा सोडून.

सोकिचींचा उजवा गुडघा विशीतच, झऱ्याच्या वाटेवर पडून, कायमचा ताठ झाला होता. पुढची चाळीस वर्षं ते रोज त्या गंधकाच्या पाण्यात मानेपर्यंत बसले, पण पाय काही दुमडला नाही. जेवायला बसताना डावा पाय मुडपायचा आणि उजवा चटईवर सरळ सोडायचा, त्याच्याखाली घडी घातलेलं एक जादा आसन सारायचं, ही त्यांची बैठक. लांब सोडलेल्या पायाला आडवं येऊ नये म्हणून त्यांचं ताटही, म्हणजे चार बुटक्या पायांचं लाखेचं तबक, जरा तिरकं, डाव्या अंगाला सरकवून लावावं लागे. सव्वीस वर्षं ते काम फुसाएकडे होतं.

दरवर्षी भाताची कापणी उरकली की गुडघे धरून येणाऱ्या किसा आजी त्यांना हमखास चिडवत. "मालक, तुमचा पाय म्हणजे सरायीची बदनामी हो! बाहेर पाटी लावता सांधे मोकळे होतात म्हणून, आणि स्वतः बसता ते खांब आडवा पडल्यासारखे."

"दिव्याखाली अंधार असायचाच, आजी," सोकिची म्हणत. "आणि हा माझ्यावर गेलाय. मोडेल पण वाकायचा नाही."

"ते मात्र खरं," असं मागून मालकीणबाई म्हणत, आणि सगळे हसत.

फुसाए खालच्या खोऱ्यातली. त्रेपन्न वर्षांची, विधवा, बोलायला फटकळ. सव्वीस वर्षांत तिने पाहुण्यांचे जोडे दाराशी बाहेरच्या दिशेने फिरवून ठेवले, गाद्या घातल्या, गाद्या उचलल्या, आणि कोणत्या खोलीत कोण रडलं, कोण भांडलं, ते पोटात ठेवलं. सकाळी दहाला जुने पाहुणे जात, दुपारी तीनला नवे येत. मधल्या वेळात सगळी सराय रिकामी. ओसरीभर ऊन, आणि जमिनीखालच्या लाकडी पन्हाळीतून स्नानाच्या कुंडाकडे जाणाऱ्या पाण्याचा आवाज. दिवसातली ती वेळ फुसाएला फार आवडायची. बरोबर बाराला मालक झऱ्यावरून खाली उतरत आणि ती त्यांचं ताट लावी.

२

नोव्हेंबरच्या सहा तारखेला कुंडातल्या पाण्याची धार बारीक झाली. झऱ्याच्या तोंडाशी पन्हाळीत पांढरा साका धरतो, तो खरवडावा लागतो. आदल्या दिवशी वर्षातला पहिला बर्फ पडला होता. सोकिचींनी लांब दांड्याचं खरवडणं खांद्यावर टाकलं, काठी घेतली आणि निघाले.

"उद्या गेलात तर आभाळ कोसळणार आहे का?" मालकीणबाई म्हणाल्या.

"बाराला येतो. ताट लाव, फुसाए-सान." नावापुढे मानाचं 'सान' ते कधी विसरत नसत.

साडेअकराला कुंडात धो धो पाणी पडायला लागलं. म्हणजे साका निघाला होता. बाराला फुसाएने ताट लावलं. एक वाजला, दोन वाजले. रश्शावर साय धरली. सोकिची आले नाहीत.

गावातल्या आग विझवणाऱ्या पथकाच्या माणसांनी आठ दिवस डोंगर पिंजून काढला. झऱ्याशी खरवडणं सापडलं, नीट टेकवून ठेवलेलं. माणूस सापडला नाही.

मालकीणबाई मित्सुयो रडल्या नाहीत. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी एवढंच सांगितलं, "त्यांचं ताट रोज लागेल." बाहेर गेलेला माणूस उपाशी राहू नये म्हणून घरात त्याच्या जागी ताट लावायचं, ही जुनी रीत. थोड्या वेळाने रश्शाच्या वाडग्यावरचं झाकण उचलून बघायचं. आतल्या बाजूला थेंब असले तर माणूस खुशाल आहे. नसले तर नाही.

फुसाएचा या रीतीवर काडीचा विश्वास नव्हता. लढाईवर गेलेल्या थोरल्या भावासाठी तिच्या आईने दोन वर्षं असं ताट लावलं होतं. तो गेल्याचं पत्र आलं त्या दुपारीही झाकणाला थेंब होते, आणि पत्राची तारीख तर चार महिन्यांपूर्वीची होती. गरम रश्शावर झाकण ठेवलं की पाणी धरणारच, मग माणूस जगो की मरो, हे पोरवयातच तिला कळून चुकलं. पण मालकीणबाईंना त्यातून दोन घास जाणार असतील तर तिचं काय जात होतं? ती ताट लावी, पंधरा मिनिटांनी झाकण उघडी, आणि ओसरीच्या टोकाशी उभ्या असलेल्या मालकीणबाई विचारत, "आहे का?"

"आहे," फुसाए म्हणे.

असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी तिने वाडग्याच्या कडा दाबून झाकण सोडवलं. रस्सा कढत होता, तिच्या हनुवटीला वाफ लागली. झाकण मात्र आतून कोरडं होतं. तिने बोट फिरवलं. कपाटातून नुकतं काढल्यासारखं कोरडं ठणठणीत. तिने ते पुन्हा वाफेवर धरलं, मनातल्या मनात वीस आकडे मोजले, उलटून बघितलं. टिपूस नाही.

"आहे का?" ओसरीवरून आवाज आला. आज त्यात जरा कंप होता. चार दिवस त्या बाईने चहाखेरीज काही घेतलं नव्हतं.

दाराशी हात धुवायला झऱ्याच्या पाण्याचं भांडं होतं. फुसाएने दोन बोटं त्यात बुडवली आणि झाकणावर झटकली.

"आहे," ती म्हणाली. घाईघाईत, शेवटचं अक्षर गिळून.

मालकीणबाईंनी आत येऊन झाकण हातात घेतलं, बघितलं आणि खाली बसल्या. त्या संध्याकाळी त्यांनी वाडगाभर भात खाल्ला. दयेपोटी बोललेलं खोटं पचून जातं, असं तेव्हा फुसाएला वाटलं.

३

दुसऱ्या दिवसापासून झाकणाला पुन्हा पाणी धरायला लागलं. फुसाएने सुटकेचा श्वास टाकला. लाखेचं काहीतरी झालं असेल, आपलीच बोटं बधिर असतील, म्हणून तिने तो विषय बंद केला.

मालकीणबाई मात्र दिवसागणिक तरतरीत होत गेल्या. केस नीट बांधायला लागल्या, पाहुण्यांशी चार शब्द बोलायला लागल्या. एकदा फुसाएच्या हातातली चादर घेऊन दुसरं टोक धरत म्हणाल्या, "बाकीचे सगळे मला बरं वाटावं म्हणून बोलतात. तुझी जीभ कशी आहे ते मला माहीत आहे. तू आहे म्हणालीस की मला पटतं."

फुसाएने चादरीत तोंड घातलं.

महिना सरत आला. शिरासावाचा रस्ता दर वर्षी तीस नोव्हेंबरला बंद होतो, तो एप्रिलमध्ये उघडतो. सराय बंद करून सगळे खाली खोऱ्यात जातात. मुलगी चिझुरु रोज फोन करत होती. आईसाठी खोली लावून ठेवली होती तिने. पंचवीस तारखेला मालकीणबाईंनी फोनवरच तिला सांगितलं, "मी येत नाही. झाकणाला पाणी आहे तोवर मी इथून हलणार नाही. ते आले आणि घराला कुलूप दिसलं तर?" आणि फोन ठेवून दिला.

तोकुजी आचारी मुळे किसत होता. तो फुसाएकडे वळला. "ऐकलंस? एकटी बाई इथे चार महिने राहणार. छपरावरचा बर्फ कोण ओढणार? लाकडं कोण फोडणार? एप्रिलमध्ये आपल्याला दार उकरून काढावं लागेल, आणि आत काय सापडेल ते सांगायला ज्योतिषी नको."

"मग समजवा की तुम्ही."

"मी आचारी माणूस. माझं ऐकून त्यांनी कधी मीठ तरी कमी केलंय का? त्यांना त्या झाकणाने वेडं केलंय. तू बोल. तुझं ऐकतील."

फुसाए आपल्या उजव्या हाताच्या दोन बोटांकडे बघत राहिली. आपल्या खोट्याने माणूस मरणार आहे, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं. पण खोटं कबूल करण्याची छाती होईना. तिने सोपा मार्ग शोधला. उद्या वाडग्यात रस्साच ओतायचा नाही. झाकण कोरडं निघेल, मालकीणबाईंना आपल्या डोळ्यांनी दिसेल, आपल्याला काही बोलायलाच लागणार नाही.

दुसऱ्या दिवशी तिने वाडगा आणि झाकण पुसून शेगडीजवळ ठेवून वाळवलं. तबकावर गार भात ठेवला, धुरावलेल्या मुळ्याचं लोणचं ठेवलं, कोरडा वाडगा ठेवला. ताट सवयीने तिरकं लावलं, जादा आसनाची घडी पायाच्या जागी सारली आणि ओसरीवर आली. त्या खोलीच्या कागदी दाराचा खालचा अर्धा भाग काचेचा होता, बसल्या बसल्या बागेतला बर्फ दिसावा म्हणून. मालकीणबाईंनी आतली कागदी झडप खाली ओढून काच झाकून ठेवली होती. जेवणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसू नये, असं त्यांचं म्हणणं.

फुसाए दाराकडे पाठ करून पंधरा मिनिटं उभी राहिली. आत काही वाजलं नाही. जमिनीखाली पाणी वाहत होतं, तेवढंच.

मग ती आत गेली आणि झाकणाला हात घातला. ते निघेना. गरम रश्शावरचं झाकण वाफेने घट्ट धरतं, हे तिला माहीत होतं. रिकाम्या वाडग्याचं का धरावं? तिने दोन्ही कडा दाबल्या. बारीक आवाज होऊन झाकण सुटलं आणि मनगटाला गरम हवा लागली. आतून पाणी निथळत होतं. थेंब नव्हे, धारच. चटईवर ओघळ गेला. वाडग्याचा तळ मात्र कोरडाच होता. खोलीत गंधकाचा वास पसरला.

"आहे का?" मालकीणबाईंनी ओसरीवरून विचारलं.

"आहे," फुसाए म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

४

"अगं, लाखेचं भांडं ते," तोकुजी म्हणाला. "शेगडीजवळ तापवलंस, गार खोलीत नेलंस. घाम सुटणारच. आणि खोलीखालून पन्हाळ जाते, वास त्याचा." तो इतक्या ठामपणे म्हणाला की फुसाएला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. गंधकाच्या पाण्यावर बांधलेल्या घरात गंधकाचा वास येणार नाही तर काय चंदनाचा येईल?

सत्तावीस तारखेला तिने वाडगा तापवला नाही. झाकण निथळलं. पण त्या दिवशी तिचं लक्ष झाकणाकडे नव्हतंच. ताट सरळ झालं होतं.

ती उंबऱ्यातच थांबली. तिरकं लावलेलं तबक आता आसनापुढे अगदी नीट, काटकोनात होतं. पायाखाली सारलेलं जादा आसन उचलून, त्याची घडी मोडून, भिंतीशी ठेवलं होतं. बसायच्या आसनावर मधोमध ओल होती. ओलीचे दोन लांबट डाग, शेजारी शेजारी, सारखे.

मालकीणबाईंचंच काम, असं तिने स्वतःला बजावलं. दुःखात माणूस काय वाट्टेल ते करतं. त्याच दुपारी त्यांना गाठून तिने विचारलं.

"मी कशाला हात लावू?" मालकीणबाई म्हणाल्या. त्या आरशापुढे कंबरेचा पट्टा बांधत होत्या. सणावारी नेसायचा, करड्या रंगाचा किमोनो काढला होता. "त्यांचं ताट तुझ्याखेरीज कोणी हलवत नाही."

फुसाएने गुडघे टेकले, कपाळ चटईला लावलं आणि एका दमात बोलून टाकलं. "मालकीणबाई, चौथ्या दिवशी झाकण कोरडं होतं. मीच पाणी शिंपडलं. तुम्ही जेवत नव्हता म्हणून. मी खोटं बोलले. मालक नाहीत हो. तुम्ही खाली चला. पाया पडते तुमच्या."

फुसाएला वाटलं, आता आकांत होईल. तिने डोकं वर केलं. मालकीणबाई आरशातून तिच्याकडे बघत होत्या, आणि चेहऱ्यावर राग नव्हता.

"कोरडं होतं?" त्या हळूच म्हणाल्या. "म्हणजे तेव्हा नव्हते ते."

"नव्हते. म्हणजे, नाहीतच..."

"आणि तू हाताने पाणी दिलंस. आहे म्हणालीस." त्यांनी पट्ट्याची गाठ मागे सारली. "मग तुझेच उपकार म्हणायचे, फुसाए-सान. नाहीतर आलेच नसते."

"आले? कोण आलं?"

मालकीणबाई नुसत्या हसल्या. नव्या नवरीने हसावं तशा, तोंडावर बाही धरून. फुसाएला त्या हसण्याची जितकी भीती वाटली तितकी कोरड्या झाकणाचीही वाटली नव्हती.

५

तीस तारखेला सकाळी शेवटचे पाहुणे गेले. फुसाएने शेवटचे जोडे फिरवले, वाकून निरोप दिला, गाद्यांवर चादरी टाकल्या. दोन वाजता बर्फ सारणारी गाडी वर येणार होती, तिच्यामागून चिझुरु येणार होती. काही झालं तरी आईला उचलून नेणार, असं तिने फोनवर सांगितलं होतं. बर्फ भुरभुरत होता, पण उजेड भरपूर होता. साऱ्या ओसरीवर पांढरा, सावली नसलेला उजेड.

आज ताट लावायचंच नाही, असं फुसाएने ठरवलं होतं. भांडी तिने स्वतः धुऊन पेटीत भरली.

साडेअकराला फोन वाजला. चिझुरु होती. बोलताना तिचा श्वास लागत होता.

"फुसाए-सान, बाबा सापडले. काल संध्याकाळी. खालच्या घळीत, ओढ्याच्या बर्फाखाली. मी आत्ताच बघून आले. बाबाच आहेत."

फुसाएने फोन कानाशी घट्ट धरला.

"कसे पडलेत माहीत आहे? पाठीवर, आणि पाय असा सरळ. घरी जेवायला बसायचे तस्साच. त्यावरूनच लांबून ओळखलं मी." ती रडायला लागली. "आईला सांगू नका. मी येते. मी सांगेन. तुम्ही फक्त तिला त्या खोलीत बसू देऊ नका."

फुसाएने फोन ठेवला आणि तिथेच भिंतीला टेकून रडली. मालक चांगला माणूस होता. सव्वीस वर्षांत एकदाही त्यांनी तिला 'ए' म्हणून हाक मारली नव्हती. रडू ओसरल्यावर तिच्या लक्षात आलं की घड्याळात बाराला दहा मिनिटं कमी आहेत, आणि मालकीणबाई कुठेच दिसत नाहीत. स्वयंपाकघरात भरलेल्या पेटीचं झाकण उघडं होतं. लाखेचा वाडगा तिच्यात नव्हता.

ती ओसरीने निघाली. पन्नासएक पावलांची ओसरी. अर्ध्या वाटेवर तिला मालकीणबाईंचा आवाज ऐकू आला. हळू, लाडिक, मध्येच हसत. त्या कोणाशी तरी बोलत होत्या. बोलायच्या आणि थांबायच्या, उत्तर ऐकावं तितका वेळ. थांबल्यावर दुसरा आवाज काही येत नव्हता. स्वतःशीच बोलतायत, फुसाए मनाशी म्हणाली. बिचारी. स्वतःशीच.

दारापुढे तिने रिवाजाप्रमाणे गुडघे टेकले. दार सरकवायला हात पुढे केला तेव्हा तिला दिसलं की आज झडप वर उचललेली आहे. काच उघडी होती.

काचेतून खोलीचा खालचा भाग तेवढा दिसत होता. चटई. तबक, सरळ लावलेलं. अलीकडे मालकीणबाईंच्या करड्या किमोनोचा घोळ आणि पांढरे मोजे. पलीकडे, आसनावर, दोन गुडघे.

निळ्या जाड्याभरड्या कामाच्या विजारीतले, पूर्ण दुमडलेले, एकमेकांना चिकटून ठेवलेले गुडघे. पाहुण्याने पहिल्यांदा कोणाच्या घरी बसावं तसे. कापडातून पाणी झिरपून चटईत मुरत होतं आणि त्याची बारीक वाफ निघत होती. गुडघ्यांवर दोन हात ठेवलेले होते. कुंडात फार वेळ बसल्यावर बोटं होतात तशी पांढरी, सुरकुतलेली बोटं, आणि नखांभोवती साका धरलेला. हातांच्या वर काय होतं ते कागदाआड होतं. फुसाएने मान खाली घातली असती तर काचेतून आणखी वरचं दिसलं असतं. तिने मान खाली घातली नाही.

"कोण, फुसाए-सान? ये ना, आत ये." मालकीणबाईंच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "बघ तरी! चाळीस वर्षं नाही वाकला तो गुडघा. वाकला की नाही शेवटी? किसा आजींना कळवायला हवं. आपल्याच पाण्याने वाकला."

"मालकीणबाई," फुसाए म्हणाली. "बाहेर या. आत्ताच्या आत्ता."

"असं काय करतेस? ते हात लावत नाहीत बघ ताटाला. तुझ्यासाठी थांबलेत. रोज तूच बघतेस ना? आज तिथूनच सांग." आणि मग, रोजच्यासारखं, "आहे का?"

रोजच्या सवयीने शब्द ओठावर आला होता. फुसाएने तो गिळला.

"नाही," ती म्हणाली. "नाही, मालकीणबाई! मालक खाली सापडलेत. चिझुरु बघून आली. पाय सरळ आहे त्यांचा. हे मालक नाहीत!"

जमिनीखालचा पाण्याचा आवाज थांबला. सव्वीस वर्षांत तो कधी थांबला नव्हता. सगळ्या घराने श्वास धरला. काचेपलीकडे एक पांढरा हात गुडघ्यावरून उचलला गेला आणि तबकाकडे गेला. झाकण सुटल्याचा बारीक आवाज आला.

"आहे," आतून कोणीतरी म्हणालं.

आवाज मालकीणबाईंचा नव्हता. पुरुषाचाही नव्हता. घाईघाईत, शेवटचं अक्षर गिळून म्हटलेलं ते 'आहे' फुसाएचं स्वतःचं होतं.

६

ती ओरडत स्वयंपाकघराकडे धावली. तोकुजी जळतं लाकूड हातात घेऊन आला. दोघं परत गेली तेव्हा जमिनीखाली पुन्हा पाणी वाहत होतं. खोलीत समोरासमोर दोन आसनं होती, दोन्हींवर ओल होती, आणि मालकीणबाई नव्हत्या. मागच्या दाराशी त्यांच्या सपाता होत्या. जाणाऱ्याला पाय घालायला सोप्या जाव्यात तशा बाहेरच्या दिशेने फिरवून ठेवलेल्या. फुसाएने त्या फिरवल्या नव्हत्या.

दोन दिवस शोध झाला, मग बर्फाने रस्ता बंद केला. सोकिचींचं दहन खोऱ्यातच झालं.

फुसाए आता चिझुरुच्या घरी राहते. डिसेंबर सरता सरता चिझुरु तिच्यापुढे येऊन बसली आणि म्हणाली, "आईसाठी ताट लावाल का? माझ्याच्याने झाकण उचलवणार नाही. आईचा तुमच्या शब्दावर विश्वास होता." नाही म्हणायला तोंड होतं कुठे?

तेव्हापासून मागच्या खोलीत रोज बाराला ताट लागतं. गरम भात, कढत रस्सा. फुसाए झाकण उचलत नाही. पंधरा मिनिटांनी दार सरकवते आणि उंबऱ्यातूनच फक्त तबकाकडे बघते. मालकीणबाईंचे दोन्ही पाय धड होते, त्यांचं ताट सरळ लावायला हवं. ती मात्र ते मुद्दाम तिरकं लावते. पंधरा मिनिटांनी ते तिरकंच असतं. मग ती दार लावून घेते आणि चिझुरुला सांगते, "अजून बघितलं नाही, बाळ." चिझुरुही जास्त विचारत नाही. दोघींचं असं बरं चाललं होतं.

आज तिने दार सरकवलं तेव्हा ताट सरळ होतं.

तिने दार लोटून घेतलं आणि दोन्ही हातांनी धरून ठेवलं. बाहेर ऊन पडलं होतं, वळचणीचा बर्फ वितळून ठिबकत होता. चिझुरु हात पुसत बोळात आली. तिने फुसाएच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग दाराकडे. आज पहिल्यांदाच तिला धीर धरवला नाही.

"फुसाए-सान," तिने विचारलं, "आहे का?"

फुसाएने ओठ घट्ट मिटून घेतले. आतून कोणाच्या आवाजात उत्तर येतं, ते ऐकत ती दार धरून उभी राहिली.